मसूर स्टेशनावरची पोरं

नोव्हेंबर उजाडला की आमच्या शाळा-केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना येते. सात तारखेला विद्यार्थी दिवस साजरा करावा, फोटो पाठवावेत. २०१७ पासून हा दिवस राज्यभर पाळला जातो. १९०० साली याच तारखेला साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. रजिस्टरला १९१४ हा क्रमांक आणि त्याच्यासमोर त्या पोराची स्वतःची सही. ते रजिस्टर शाळेने आजवर जपून ठेवलंय.

मी सातारा जिल्ह्यातच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या मुलांना बाबासाहेब माहीत आहेत, पण मोठे झालेले. निळा कोट, चष्मा, हातात राज्यघटना, बोट वर. चौथीतलं पोर पाठ केलेलं भाषण एका दमात म्हणून टाकतं, त्यात पदव्यांची यादी असते, कोलंबिया असतं, लंडन असतं. टाळ्या पडतात. मला मनापासून वाटतं की निदान या एका दिवशी तरी मुलांना त्यांच्याच वयाचा भिवा भेटायला हवा. तो इथलाच आहे. याच जिल्ह्यातल्या वर्गात बसलेला, याच जिल्ह्यातल्या रस्त्यावर तहानलेला.

तो वर्गात कसा बसायचा ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्याशा इंग्रजी लेखनात. बाकीच्या मुलांपासून वेगळं, कोपऱ्यात. खाली टाकायला गोणपाटाचा तुकडा, तोही घरून आणलेला. संध्याकाळी शाळा सुटली की तो गुंडाळून घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचा, कारण शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला हात लावायचा नाही. तहान लागली की बाकीची मुलं मास्तरांना विचारून नळावर जायची. याने नळाला हात लावायचा नाही. शिपायाने येऊन नळ सोडायचा, मग याने प्यायचं. शिपाई जागेवर नसला तर पाणीच नाही.

मी हे वाचून दाखवते तेव्हा मुलं गोणपाटापाशी अडतात. एकदा दुसरीतल्या एका मुलीने विचारलं, "पावसाळ्यात भिजत नसंल का बाई ते?" मोठ्या माणसांच्या भाषणात हा प्रश्न मी कधी ऐकला नाही. दप्तर, पाटी आणि वर एक भिजकं गोणपाट घेऊन साताऱ्याच्या पावसात चालत जाणारा मुलगा तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला होता.

त्यांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते, लष्करी शाळेत त्यांनी मास्तरकीही केली होती. घरात वाचन होतं, भजनं होती, शिस्त होती. आई भीमाबाई साताऱ्यात असतानाच वारल्या, मग मीराआत्याने पोरांचं केलं. कपडे धुवायला परीट नाही, केस कापायला न्हावी नाही. पैसे नव्हते म्हणून नाही, परीट-न्हावी शिवत नव्हते म्हणून. भावांचे केस थोरली बहीण कापायची आणि कापून कापून तिचा हात चांगला बसला होता, असंही त्यांनी नोंदवून ठेवलंय.

आता मसूरचं सांगते. माझे वडील रेल्वेत गँगमन होते. पुणे-मिरज लाइनीवरचं मसूर स्टेशन आमच्या पायाखालचं. तिथे फार गाड्या थांबत नाहीत, तिकिटाची खिडकी, एक बाकडं, सिग्नल, पलीकडे उसाची रानं. मला हे सगळं ठाऊक होतं आणि कॉलेजात जाईपर्यंत त्या स्टेशनावर १९०१ साली काय झालं ते ठाऊक नव्हतं. शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

त्या साली दुष्काळ होता. खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर तलाव खोदायला काढला होता आणि रामजी तिथे कॅशियर होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांनी आपल्याकडे यावं असं त्यांनी पत्राने कळवलं. पोरांना केवढा आनंद! भिवा, त्याचा थोरला भाऊ आणि वारलेल्या बहिणीची मुलं. सगळी पोरंच, बरोबर मोठं माणूस कुणी नाही. नवे विलायती पद्धतीचे सदरे शिवले, जरीच्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. टांगा करून स्टेशनावर गेले. थोरल्या भावाने तिकिटं काढली आणि धाकट्यांच्या हातावर दोन-दोन आणे ठेवले. त्यांनी लगेच लेमोनेडच्या बाटल्या मागवल्या. आगगाडीचा पहिला प्रवास, खिशात पैसे, हातात लेमोनेड.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला मसूरला उतरले. वडिलांनी शिपाई पाठवला असेल, या आशेवर थांबले. बाकीचे उतारू निघून गेले. स्टेशनमास्तरने चौकशी केली. कपडे बघून त्याला वाटलं, बामणाची पोरं असतील. भिवाने पटकन सांगून टाकलं, आम्ही महार. स्टेशनमास्तरचा चेहराच बदलला आणि तो पाठ फिरवून आपल्या खोलीत गेला. बऱ्याच वेळाने परत आला, आता काय करणार म्हणून विचारलं. पोरं म्हणाली, बैलगाडी मिळाली तर जातो. बैलगाड्या उभ्या होत्या, पण महारांची पोरं म्हणून न्यायला कुणी तयार नाही. दुप्पट भाडं देऊ म्हटलं तरी नाही. शेवटी स्टेशनमास्तरनेच तोड काढली. गाडी पोरांनी हाकायची, गाडीवान बाजूने पायी चालणार. भाडं दुप्पट.

पुढची रात्र मी वर्गात सावकाश वाचते. आत्याने शिदोरी बांधून दिली होती, पण पाण्याशिवाय घास उतरेना. वाटेत पाणी मिळालं ते डबक्यातलं, गुरांच्या शेणामुताने गढूळ झालेलं. तोंडाला लावता आलं नाही. मध्यरात्रीच्या सुमाराला टोलनाक्याची झोपडी लागली. आपण मुसलमान आहोत असं सांगून बघा, पाणी मिळेल, असं गाडीवानाने सुचवलं होतं. भिवा नाकेदारापाशी गेला, उर्दूत बोलला, पाणी मागितलं. नाकेदाराने विचारलं, तुमच्यासाठी पाणी कुणी भरून ठेवलंय? डोंगरावर आहे, पाहिजे तर जाऊन प्या. पोरं उपाशी, तहानलेली, गाडीतच आडवी झाली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला वडिलांपाशी पोचली. येतोय म्हणून पोरांनी लिहिलेलं पत्र पोचलं होतं, पण ते नोकराने वडिलांना द्यायचंच राहून गेलं होतं.

हे सगळं मी पहिल्यांदा माझ्या आजीला वाचून दाखवलं होतं, इंग्रजीतून मराठी करत करत. आजीला अक्षर येत नव्हतं. "मसूरला? आपल्या मसूरला?" तिने पुन्हा पुन्हा विचारलं. मग बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आत्याच्या जिवाला काय वाटलं असंल गं, शिदोरी तशीच राहिली कळल्यावर." तिच्या लहानपणी तिलाही ओंजळीत वरून पाणी मिळायचं. ती वाड्यावर सरपण टाकायला जायची तेव्हा. त्याविषयी ती फार बोलायची नाही. पण माझ्या वडिलांच्या शाळेचा दाखला तिने पत्र्याच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत ठेवला होता, आणि पाहुणे आले की काढून दाखवायची. उलटा धरलेला असायचा कधीकधी. कुणी सरळ करून दिला की ती तेवढ्याच अभिमानाने पुन्हा दाखवायची.

मी शिक्षिका आहे, त्यामुळे भिवाच्या गोष्टीतल्या मास्तरांकडे माझं लक्ष जास्त जातं. गोणपाटावर बसवणारी शाळा हीच आणि त्याच शाळेत वेगळी माणसंही होती. आंबेडकर आडनावाचे एक मास्तर होते. मधल्या सुट्टीत घरी जेवायला जाण्यायेण्यात पोराचा वेळ मोडतो, म्हणून ते आपल्या डब्यातली भाजी-भाकरी रोज त्याला द्यायचे. पुढे बाबासाहेबांनी ही आठवण फार मायेने सांगितली. पेंडसे नावाचे दुसरे. एकदा भिवा भर पावसात छत्रीशिवाय, चिंब होऊन वर्गात आला. पेंडसे मास्तरांनी आपल्या मुलाबरोबर त्याला स्वतःच्या घरी पाठवलं, ऊन पाण्याने अंघोळ घालायला लावली, नेसायला कोरडी लंगोटी दिली. १९०० च्या आसपास एका ब्राह्मणाच्या घरी महाराच्या पोराला अंघोळीचं पाणी तापवलं जातं, हे लहान काम नव्हतं. त्या मास्तरांनी व्यवस्था बदलली नाही. पोर उद्याही शाळेत येईल एवढं मात्र केलं. शिक्षकाच्या हातात बऱ्याचदा एवढंच असतं, आणि मला ते थोडं वाटत नाही.

मुंबईला गेल्यावरही सगळं सरळ झालं असं नाही. परळच्या चाळीत एका खोलीत घर. अभ्यासाला जागा नाही, म्हणून रामजी मुलाला लवकर झोपवायचे आणि रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवायचे. निजायची जागा अशी की उशाशी जातं आणि पायाशी शेळी. पुस्तकाला पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या लेकीकडे जायचे, तिचा एखादा दागिना घेऊन गहाण टाकायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचे. त्या लेकीने हूं की चूं केलं नाही. एल्फिन्स्टन हायस्कुलात एकदा मास्तरांनी गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं, तर मुलं धावली, फळ्यामागे ठेवलेले डबे बाटू नयेत म्हणून. संस्कृत शिकायचं होतं, शिकवणाऱ्याने नकार दिला, म्हणून पर्शियन घेतलं. १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा सत्कार झाला आणि कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र हातात दिलं. केळुसकरांनीच पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. कॉलेजसाठी महिना पंचवीस रुपये आणि नंतर अमेरिकेला जायला महिना साडेअकरा पौंड.

अमेरिका, लंडन मी मुलांना थोडक्यात सांगते. ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्यापेक्षा रमाबाईंबद्दल सांगते. ते शिकत होते तेव्हा त्या परळला काटकसरीचा संसार ओढत होत्या. चार लेकरं गेली. १९३५ साली त्याही गेल्या. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना नावाच्या पारशी मित्राने कर्ज दिलं, तेव्हा लंडनचं अर्धं राहिलेलं शिक्षण १९२३ ला पुरं झालं. एका माणसाला शिकवायला एवढी माणसं लागली.

आणि हे बाबासाहेब कधीच विसरले नाहीत, असं मला त्यांची पुढची कामं बघून वाटतं. १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह सुरू केलं. महाडच्या चवदार तळ्याच्याही आधीचं हे काम. खेड्यातल्या पोराला शाळा असून भागत नाही, त्याला राहायला जागा, दोन वेळचं जेवण आणि दिव्याचा उजेड लागतो, हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० ला औरंगाबादला कॉलेज, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. निजामाच्या राजवटीतून नुकताच सुटलेला मराठवाडा, उच्च शिक्षणाची सोय नसल्यासारखीच. मुंबई-पुण्यात हवी तेवढी कॉलेजं काढता आली असती. त्यांनी मराठवाडा निवडला. नागसेनवनाच्या परिसरात बीड, परभणी, नांदेडच्या खेड्यांतून पोरं आली, वसतिगृहात राहिली, शिकली. त्यातून शिक्षक झाले, लेखक झाले, कार्यकर्ते झाले.

मराठवाड्याचं नाव निघालं म्हणून जे खरं सांगायचंय त्याच्यावर येते. दिवाळी संपते, कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बहुतेक बीडच्या, काही नगरच्या, काही धाराशिवच्या. पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. पहाटे चारला कोयता निघतो, नवरा-बायको फडात. कोपीपाशी मागे राहतात लहान पोरं आणि त्यांना सांभाळायला आठ-दहा वर्षांची पोरगी. म्हणजे ज्या आठवड्यात आपण विद्यार्थी दिवस साजरा करतो त्याच आठवड्यात हजारो विद्यार्थी शाळेतून उठून शे-दोनशे मैलांवर येऊन पडलेले असतात. यांच्यात दलित आहेत, वंजारी आहेत, बंजारा आहेत, मराठाही आहेत. मुकादमाची उचल, म्हणजे टोळी जमवणाऱ्याने आगाऊ दिलेले पैसे, सगळ्यांना सारखीच बांधते.

त्यातली काही मुलं आमच्याकडे येतात. कायद्याने शाळेला नाही म्हणता येत नाही. वर्षाच्या मध्यात आलं तरी, दाखला नसला तरी, वयाप्रमाणे वर्गात बसवायचं, हे शिक्षण हक्क कायद्यात लिहिलेलं आहे. पण नाव लावणं वेगळं आणि बसवणं वेगळं. मागे एका प्रशिक्षणासाठी एका शाळेत गेले होते. नाव लिहीत नाही. वर्गात सगळी मुलं बाकांवर आणि मागच्या भिंतीला तीन-चार मुलं खाली, पोत्यावर. मी विचारलं, ही कोण? उत्तर आलं, ही टोळीची आहेत, चार महिन्यांची पाहुणी. कुणी त्यांना तिथे मुद्दाम बसवलं नव्हतं. बाक कमी होते, ती उशिरा आली, तिथे बसली आणि तिथलीच झाली. त्यांच्यातल्या एकीच्या मांडीवर धाकटा भाऊ झोपलेला होता आणि त्याला धक्का लागू नये म्हणून ती फळ्यावरचं वाकून, मान तिरपी करून उतरवत होती. अक्षर सुरेख. जोडाक्षर एकसुद्धा चुकलेलं नाही. ते पोतं बघून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आमच्या शाळेत आम्ही काही गोष्टी ठरवून टाकल्या आहेत. टोळीतल्या मुलांना आमच्या मुलांमध्येच मिसळून बसवायचं, मागे नाही. धाकटं भावंड बरोबर आलं तर त्याला परत पाठवायचं नाही, अंगणवाडीताईंकडे बसवायचं, आणि नाहीच बसलं तर वर्गात राहू द्यायचं. पोषण आहाराच्या पंगतीत त्यालाही ताट. पहिल्या दिवशी त्यांच्याकडून काहीतरी म्हणून घ्यायचं, कविता असो की तांड्यावरचं गाणं असो. आमच्या पोरांनाही कळतं मग, की यांना आपल्यापेक्षा वेगळं काही येतं. गेल्या हंगामात एका बंजारा मुलाने गोरमाटीत गाणं म्हटलं आणि नंतर आठवडाभर आमचा अख्खा वर्ग ते चुकीच्या उच्चारात म्हणत होता.

हे काही फार मोठं काम नाही, पण पेंडसे मास्तरांचं ऊन पाणी आणि आंबेडकर मास्तरांची भाकरी याच जातीची कामं ही. पुतळ्याला हार घालायला मी दरवर्षी जाते, माझ्या आजीच्या वतीनेही घालते. जयंतीची मिरवणूक मला आवडते, निळ्या झेंड्यांनी रस्ता भरला की ऊर भरून येतो. ज्यांना ओंजळीने पाणी मिळत होतं त्यांच्या नातवंडांनी रस्ताभर नाचावंच. त्याच्या जोडीला, ७ नोव्हेंबरला प्रत्येक शाळेने एवढं केलं तर? आपल्या हद्दीतल्या ऊसतोडीच्या तळावर जायचं आणि शाळेच्या वयाचं एकेक पोर मोजून आणायचं. बाबासाहेबांचा विद्यार्थी म्हणून गौरव करायचा, तर माझ्या मते तो असाच करावा.

हे लिहिण्याला आणखी एक कारण आहे. मराठवाड्यात, नगर जिल्ह्यात शिकवणाऱ्या माझ्या बहीण-भावांपर्यंत हे पोचलं तर बरं. तुमच्याकडून मूल निघतं तेव्हा त्याच्याबरोबर शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं. बऱ्याच मुलांकडे ते असतं, काहींकडे नसतं. तुमच्या डोक्यावर किती कामं असतात ते मला माहीत आहे, टोळी रात्रीतून निघते हेही माहीत आहे. तरी जमेल तेवढ्यांना द्या. नुसता वर्ग आणि हजेरी लिहून थांबू नका. त्याला काय वाचता येतं, बेरीज हातच्याची येते का, कशात रमतं, ते दोन ओळींत लिहा. आम्हाला ते पोर कळायला महिना लागतो, तो महिना वाचेल. मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, की आम्हीही त्याच कार्डावर तुमच्यासाठी लिहून पाठवू, कुठवर आलंय ते.